डाव्या हाताचं ऐकू यावं म्हणून

दोस्तांनो, या पानांवर कविता येतात, मोर्चाची टिपणं येतात, कुणाचं तरी सोललेलं आयुष्य येतं. मी एका खोक्याबद्दल लिहिणार आहे. प्लायवूडचं खोकं. आत हवा, तोंडाला दहा इंची स्पीकर. त्याला सबवूफर म्हणतात. दुकानात गेलात तर काळंभोर, निळा दिवा लागणारं मिळतं. किंमत विचारली तेव्हा पंचवीस-तीस हजार सांगितली. मी ते घरी बांधलं. दहा बाय बाराच्या खोलीत, साडेआठ हजारांत.

कुणी म्हणेल, चळवळीचं बोलायचं सोडून ही कसली हौस? हौस आहेच, ती लपवत नाही. आपल्या माणसानं हौस करू नये असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण नुसती हौस असती तर तुमची पानं अडवली नसती.

माझा बा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. दिवसा कारखान्यात प्रेसवर, रात्री कार्यक्रमात. जयंती असो, नामकरण असो, लग्न असो. वामनदादा कर्डकांची गाणी, पार्टीतल्या शाहिराची स्वतःची गाणी. १९८६ साली प्रेसमध्ये बाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्यानं हातात काय ठेवलं ते सांगत बसत नाही, तुमच्या घरातही असली गोष्ट असेल. बोटं गेली तरी ढोलकी सुटली नाही. पार्टीतली जुनी माणसं अजून भेटतात, तेव्हा एकच सांगतात : "तुझ्या बाचा डावा हात ऐकायला माणसं मागून पुढं येऊन बसायची."

आता हे मी ऐकणार कुठं? बा १९९८ ला गेला. मागं अकरा कॅसेटी राहिल्या, १९८८ ते १९९१ मधल्या कार्यक्रमांच्या. घरातल्या टेपरेकॉर्डरवर त्या वाजवल्या की गाणं ऐकू यायचं, पेटी ऐकू यायची, टाळ्या ऐकू यायच्या. ढोलकीची उजवी बाजू टक् टक् ऐकू यायची. डावा हात नाहीच. जणू माणूस एका हातानं वाजवत होता.

ज्यांनी ढोलकी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या तोंडावर शाई असते, ते टणक बोलतं. डाव्या तोंडाला आतून मसाला लावलेला असतो, ते घुमतं. उजवा हात ताल मोजतो. डावा हात गाण्याच्या पोटात शिरतो. तळव्याची टाच कातड्यावर दाबून सरकवली की सूर खालून वर चढतो, त्याला घुमारा म्हणतात. फोनमधल्या मोजणीच्या ॲपवर मी नंतर बघितलं, बाच्या ढोलकीचा हा घुमारा साधारण ७० ते १०० हर्ट्झच्या मधे खेळतो. एका सेकंदात सत्तर ते शंभर कंपनं. माणसाचा तरुण कान २० पासून २०,००० पर्यंत ऐकतो, म्हणजे हा आवाज तळाकडचा. टेपरेकॉर्डरचा तीन-चार इंची स्पीकर तिथवर पोचतच नाही.

आणि गंमत बघा, टेपमध्ये तो आवाज होता. कॅसेट ही चीज फिलिप्स कंपनीनं १९६३ साली काढली. सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकणारी ही पातळ पट्टी, पण खर्ज ती बऱ्यापैकी धरते. मुद्रण करताना हात टिपला गेला होता. वाजवणारं डबडं तो सांगत नव्हतं, इतकंच.

म्हणून मी खोक्याच्या मागं लागलो.

आमच्या घरात आवाजाचा इतिहास जुना आहे. आज्जा गावात दवंडी द्यायचा. वाजवायचं काम आपलं, हुकूम पाटलाचा. मेलेल्या जनावराचं कातडंही आपणच सोलायचं आणि त्याच कातड्यावर त्यांची खबर आपणच ठोकायची. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं, पण आज्जानं त्याआधीच दवंडी बंद केली होती. त्याच्या पोरानं, म्हणजे माझ्या बानं, कातड्याला परत हात लावला तो आपल्या गाण्यासाठी. हुकमाचं वाजवणं आणि मनाचं वाजवणं यात एका पिढीचं अंतर आहे. ते अंतर बाच्या डाव्या हातात होतं आणि ते मला ऐकू येत नव्हतं.

आता कामाचं बोलू.

खर्जाचा आवाज काढायला अवघड का? एक प्रयोग करा. मोकळा स्पीकर, नुसता, हातात धरून ॲम्प्लिफायरला जोडा आणि गाणं लावा. आवाज चरचरीत येईल, पोट नसेल. मग जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि तो त्यात बसवा. लगेच आवाज भरतो. काही नवीन घातलं नाही. झालं काय, तर स्पीकरचा पडदा पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा लांब असतात. ४० हर्ट्झची एक लाट अठ्ठावीस फूट लांब, आपल्या खोलीच्या दुपटीहून मोठी. अशा लाटा स्पीकरच्या कडेला वळसा घालून एकमेकींना भिडतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. पुठ्ठ्यानं मागची लाट अडवली. खोकं म्हणजे हाच पुठ्ठा, सहा बाजूंनी बंद केलेला.

पण बंद केलं की दुसरी भानगड. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, पडद्याला मागं ढकलते. खोकं लहान तितकी स्प्रिंग कडक, आणि खर्ज तितका वर सरकतो. पूर्वी म्हणून कपाटाएवढी खोकी करायचे. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी उलटा विचार केला : पडद्याचं टांगणं मुद्दाम सैल ठेवू आणि स्प्रिंगचं काम हवेलाच करू देऊ. लहान खोक्यातून खोल आवाज निघाला. पुढं ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यानं १९६१ साली आणि त्याच्या पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यानं १९७२-७३ च्या लेखांतून याचं सगळं गणित मांडलं. स्पीकरचे काही आकडे कळले की खोकं किती लिटरचं हवं ते कागदावरच काढता येतं. अंदाज नको, उस्ताद नको, कुणाच्या घराण्याचा गंडा नको. नववी-दहावीचं वर्गमूळ आलं म्हणजे झालं.

यातले तीन आकडे मुख्य. पहिला, स्पीकर मोकळा असताना कितव्या कंपनावर आपोआप सर्वांत जास्त हलतो. दुसरा, त्याच्या टांगण्याची लवचीकता किती लिटर हवेच्या बरोबरीची आहे. तिसरा, तो हलायला लागल्यावर किती आवरला जातो, म्हणजे त्याचा लगाम. हे आकडे चांगल्या कंपनीच्या कागदावर छापलेले असतात.

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं कुणी म्हणत नाही. एका दुकानात दहा इंची स्पीकर पसंत पडला. ४ ओहमचा, मागं जड मॅग्नेट. मी विचारलं, याचा कागद आहे का? दुकानदारानं मला वरून खाली बघितलं. "कागदाचं काय करणार तुम्ही? घ्या, गाडीत लावा, वाजवा. मस्त धडधडेल."

तुम्ही काय करणार कागदाचं! हे वाक्य आपण किती खिडक्यांवर ऐकलंय, मोजा. शाळेत, कचेरीत, बँकेत. त्याला बिचाऱ्याला कदाचित गिऱ्हाईक म्हणूनच बोलायचं होतं. तो सगळ्यांनाच तसं बोलत असेल. मी वाद घातला नाही. स्पीकर घेतला आणि घरी येऊन आकडे स्वतः मोजले.

कसे मोजले ते नीट लिहितो, कारण हे कुणालाही जमतं. फोनमध्ये सूर काढणारं ॲप घेतलं. फोन लहान ॲम्प्लिफायरला जोडला. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे १०० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर टाकला. स्पीकरच्या दोन टोकांना मल्टिमीटर, एसी व्होल्टवर. मग २० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ चढत गेलो. मीटरचा आकडा चढत गेला, २८ वर शिखर गाठलं, मग उतरायला लागला. मोकळ्या स्पीकरचं कंपन २८ हर्ट्झ. पहिला आकडा हाती आला.

त्या शिखराचा चढ-उतार किती उभा आहे त्यावरून लगामाचा आकडा निघतो. तो आला ०.४२.

मग प्लायच्या तुकड्यांचं बरोबर वीस लिटरचं तात्पुरतं खोकं ठोकलं, त्यावर स्पीकर घट्ट बसवला, परत मोजलं. शिखर २८ वरून सरकून ६२ आणि ६३ च्या मधे गेलं. किती पट झालं? सव्वादोन पटीच्या जरा खाली. त्याचा वर्ग पाच. त्यातून एक वजा केला, चार. चार गुणिले वीस लिटर, ऐंशी. म्हणजे या स्पीकरचं टांगणं ऐंशी लिटर हवेइतकं लवचीक. झाले तीन आकडे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वही उघडी टाकून मी बराच वेळ तिच्याकडं बघत बसलो. जो कागद मला मिळाला नव्हता तो माझ्या अक्षरात समोर होता.

आता खोकं. बंद खोक्यात लगामाचा एकूण आकडा ०.७ च्या आसपास आला की आवाज ना कोरडा होतो ना ढबढबतो. ०.७ ला ०.४२ नं भागा, वर्ग करा, २.७८. एक वजा करा, १.७८. ऐंशीला त्यानं भागा. पंचेचाळीस लिटर. एखाद-दुसरा लिटर इकडं-तिकडं चालतो. आतली मापं मी धरली चाळीस सेंटीमीटर, छत्तीस आणि चौतीस. गुणाकार एकोणपन्नास लिटर. त्यातून स्पीकरचं मागचं धूड आणि आतला आडवा टेकू यांचे चार-पाच लिटर गेले. उरले चव्वेचाळीस.

या खोक्यात स्पीकरचं शिखर ४७ हर्ट्झवर यायला हवं होतं. बांधून झाल्यावर मोजलं, ४८ वर आलं. गणित आणि लाकूड यांच्यात एका हर्ट्झचा फरक.

मागं नळीचं भोक असलेली खोकीही असतात, ती त्याच ताकदीत अधिक खोल वाजतात. पण नळीच्या सुराखाली गेलं की त्यांचा आवाज एका सप्तकात २४ डेसिबलनं कोसळतो, बंद खोक्याचा १२ नं उतरतो. शिवाय त्या सुराखाली नळीच्या खोक्यात पडद्याला आवरायला हवा नसते, तो बेफाम हलून फाटू शकतो. पहिलं खोकं बंदच करा.

लाकूडकामाला वस्तीतला सुतारमामा आला. तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या घरात कपाटं ठोकलेला माणूस. अठरा मिलीमीटरचा प्लाय आणला. मामाचं एकच म्हणणं : "भाच्या, गुण्या लावल्याबिगर करवत चालवायची नाय." प्रत्येक कोपरा काटकोनात तपासला. कडांना भरपूर फेव्हिकॉल, वर चार-चार इंचांवर स्क्रू. आत आडवा टेकू हवाच, नाहीतर खोक्याच्या भिंतीच थरथरतात आणि स्वतःचा आवाज मिसळतात. सांध्यांवर आतून परत फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाचा लेप. जुन्या उशीतला कापूस पिंजून सैलसर भरला. स्पीकरच्या कडेखाली दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी.

सगळ्यात महत्त्वाचं, फट नको. हवा जिथून फुसफुसते तिथून खर्ज गळतो. तपासायला यंत्र लागत नाही. पडदा दोन्ही तळव्यांनी हळू आत दाबा आणि सोडा. संथ परत आला तर खोकं बंद आहे. चटकन आला तर कुठंतरी गळतंय. वंदनेची अगरबत्ती पेटवून सांध्यांवरून फिरवली. एका कोपऱ्यात धूर वाकडा झाला. मामानं तिथं लेप भरला. "आता मुंगी बी नाय शिरत," म्हणाला.

वीज सांभाळा. २३० व्होल्टचं काम हौशी हातानं उघडं करू नये. मी तयार पेटीबंद ॲम्प्लिफायर घेतला, शंभर वॅटचा, फ्यूज आणि अर्थिंग असलेला. त्यातच खालचे सूर वेगळे करणारी चाळणी आहे. ती ८० हर्ट्झच्या जरा वर लावली. त्याच्या खालचं सारं या खोक्याला, वरचं जुन्या दोन लहान स्पीकरांना. वॅटच्या आकड्यावर भाळू नका. खोलीत ऐकायला शंभर वॅट पोटभर होतात, आणि फुटक्या खोक्यात हजार वॅट ओतले तरी नुसता फडफडाट.

खोकं ठेवायचं कुठं हेही मोजायचं असतं. बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींत उभा राहतो. कोपऱ्यात ठेवलं तर तो एकच सूर फुगतो, बाकीचे दबतात. यावर सोपा उपाय आहे. जिथं बसून ऐकायचं तिथं, आमच्याकडं आयच्या खाटेवर, खोकं ठेवायचं. गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगत फिरायचं. जिथं खर्ज सगळ्यात सारखा ऐकू येईल ती खोक्याची जागा. मी रांगताना बघून आय म्हणाली, "तीस वर्सांनी रांगाया लागला गं माजा लेक." जागा निघाली पाण्याच्या पिंपाशेजारी, मांडणीच्या खाली. मग मांडणीवरची पातेली बोलायला लागली. एकेका ताटामागं चिंधी खोवली तेव्हा गप्प बसली.

कॅसेटीही तयार कराव्या लागल्या. टेपच्या डोक्यावरचा मळ स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. डोक्याचा बारीक स्क्रू फिरवून तिरकेपणा जुळवला. मग प्रत्येक कॅसेट एकदाच वाजवून कॉम्प्युटरवर उतरवली. पट्टी म्हातारी झालीय, तिला शंभरदा पळवणं बरं नाही.

१९८९ च्या जयंतीची कॅसेट लावली. आवाज मुद्दाम मोठा केला नाही. शाहिरानं ओळ उचलली, पेटी आली, उजवा हात टक् टक् सुरू झाला. आणि खालून तो आला. जमिनीतून आल्यासारखा. एक ठोका, मग लांबच लांब ओढ, वर चढत जाणारी, शाहिराच्या शेवटच्या अक्षराला खांद्यावर घेणारी.

आय भाजी निवडत होती. हात थांबला.

"ह्यो तुज्या बाचाच हात हाय," म्हणाली. "बोटं गेली तवा टिचकी बसंना. मग मनगाट दाबून वडत व्हते. रातच्याला उशीवर वाजवून वाजवून शिकले. मला म्हनायचे, झोप तू."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पार्टीतली माणसं डाव्या हाताचं कौतुक सांगायची, कारण सांगत नव्हती. दोन बोटं कमी म्हणून घुमारा लांब झाला होता. कारखान्यानं जे नेलं ते तर गेलंच. बाकी जे उरलं त्यातून बानं एक बोल तयार केला. कॅसेटीत तो तीस वर्षांहून जास्त बसून होता. आय रडली नाही. भाजी निवडून झाल्यावर म्हणाली, दुसरी बाजू लाव.

आता एक कडू गोष्ट.

आमची भिंत चार इंची विटेची. पलीकडं काकी राहतात, त्यांचा मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपतो. बारीक आवाज भिंत अडवते. खर्जाला ती फारशी अडवत नाही. कंपनं निम्मी झाली की भिंतीची अडवायची ताकद साधारण सहा डेसिबलनं घटते. म्हणजे मला गाणं ऐकू येतं आणि त्या पोराला नुसते धक्के. कायद्याकडं बघावं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ज्या मापानं मोजतात ते माप माणसाच्या कानाच्या कलानं खर्जाला सूट देतं. ५० हर्ट्झच्या आवाजातून तीस डेसिबल वजा करून मीटर आकडा दाखवतो. कायद्यात बसूनही शेजाऱ्याची छाती धडधडवता येते.

म्हणून मी काकींच्या खोलीत जाऊन बसलो आणि माझ्या खोलीत गाणं लावायला सांगितलं. तिथून ऐकलं, मगच बटणाची खूण पक्की केली. मुलगा झोपलेला असेल तेव्हा आणि रात्री साडेनऊनंतर खोकं बंद, नुसते लहान स्पीकर. काकींनी मागितलं नव्हतं. आपल्या घरातला घुमारा दुसऱ्याच्या झोपेवर उभा करायचा नसतो.

डीजे लावणाऱ्या पोरांनो, इथं तुमच्याशी दोन शब्द. आवाजाचा नियम वस्ती बघून लावला जातो, आपल्या मिरवणुकीला जी नोटीस येते ती दुसऱ्यांना येत नाही, हे तुम्ही सांगता. त्यावर भांडू, एकत्र भांडू. पण कानाचा एक नियम आहे, तो कुणाची जात बघत नाही. जाडा आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, बारीक जाड्याला तितकं झाकत नाही. गाण्यातले शब्द वर असतात, खर्ज खाली. खर्जाची भिंत उभी केलीत की शब्द तिच्यामागं गाडले जातात. ज्या गाण्यांनी अडाणी माणसाला बाबासाहेब समजावून सांगितले, त्यांतले शब्द आपणच आपल्या ट्रकवरून पुसायचे? खर्ज हवाच. त्याच्याशिवाय गाण्याला पाय नाहीत. पण पायानं डोकं तुडवू नये. माझ्या खोक्याचं बटण अर्ध्याच्या खालीच असतं, आणि तरी बाचा हात पूर्ण ऐकू येतो. डीजेचं गणितही तुम्हांला जमेल. स्पीकर भाड्यानं आणता तेव्हा कागद मागा. नाही दिला तर मोजा.

गेल्या महिन्यापासून अभ्यासिकेत दुसरं खोकं चाललंय. नववीतल्या दोन पोरी आणि एक बारावीचा पोरगा. पोरींनी वर्गमूळ काढलं, पोरानं तपासलं, पोरींचंच बरोबर निघालं. सुतारमामा गुण्या घेऊन बसतो. त्या खोक्यावर जुन्या शाहिरांच्या कॅसेटी ऐकवायच्या आणि उतरवून ठेवायच्या असं ठरलंय.

तुमच्याही घरात ट्रंकेत, माळ्यावर, चपलांच्या खोक्यात कॅसेटी पडल्या असतील. कुणाच्या आज्ज्याची, कुणाच्या मावशीची. आधी त्या बाहेर काढा. ओलीपासून वाचवा, वर नाव आणि साल लिहा, कोण वाजवतंय ते घरच्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. ती माणसं आहेत तोवर हात ओळखता येतील. खोकं सावकाश बांधलं तरी चालेल. मापं वर दिलीच आहेत, पण तुमचा स्पीकर वेगळा असेल, तेव्हा माझी मापं उतरवू नका, तुमची काढा.

जयभीम.